भेरूघाट, गिअरबॉक्स आणि २ लाख ३८ हजारांचं एस्टिमेट

ताई, तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. २०१७ची छोटी ऑटोमॅटिक गाडी, गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पुली-पट्ट्यावर चालणारा, ८२ हजार किलोमीटर झालेली. दिवाळीच्या सुटीत पाच जण ओंकारेश्वरला गेलात. येताना भेरूघाटात ट्रकांची रांग लागली आणि तिथं ‘रेस दिली तरी गाडी चढेना’. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. अर्धा तास बाजूला उभी केलीत, मग हळूहळू सिमरोलवरून इंदूरला घरी आलात. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपनं स्कॅनर लावला आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेला, पूर्ण असेंब्ली बदला, २ लाख ३८ हजार. जुन्या गाड्यांचा दलाल म्हणतो, चालू असती तर सव्वाचार लाख आले असते. आता तुम्ही विचारताय, बदलू, विकू, की बाहेरच्या मिस्त्रीकडे देऊ?

मी स्वतः बाहेरचाच मिस्त्री. एकतीस वर्षं इंदूरात गिअरबॉक्स खोलतोय, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं जास्त करून ऑटोमॅटिक. म्हणजे माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

तिन्हींपैकी आज काहीच करू नका. ‘गिअरबॉक्स गेला’ हे निदान नव्हे. डॉक्टरनं तपासून ‘पोट गेलं’ म्हणावं तसं आहे ते. पोटात काय गेलं, ते कोणी बघितलंय का?

पहिला प्रश्न गाडी चालवणाऱ्याला. घाटात गाडी चढेना तेव्हा आरपीएमची, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारी, सुई कुठं होती? पाय दाबल्यावर सुई सर्रकन चार हजारांवर गेली, इंजिन ओरडलं आणि गाडी मात्र जागची हलेना, असं झालं असेल तर आत काहीतरी घसरतंय. पण पाय पूर्ण दाबूनही सुई वर जायलाच तयार नव्हती, इंजिन गळा दाबल्यासारखं घुमत होतं, असं असेल तर गाडीनं स्वतःला वाचवलंय. ऑइल ठरावीक तापमानाच्या वर गेलं की कॉम्प्युटर मुद्दाम ताकद कापतो. थंड झालं की पुन्हा सोडतो. अर्ध्या तासानं गाडी आपोआप चालू लागली, हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ‘रेस दिली तरी चढेना’ या तुमच्या एका वाक्यात दोन्ही बसतात, आणि एकाचा खर्च काही हजार, दुसऱ्याचा लाखाच्या घरातही जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न. रांगेत गाडी चढावर धरून ठेवायला ब्रेक वापरला की ॲक्सिलरेटर? लाजू नका, दहातले सहा जण ॲक्सिलरेटरवरच तोलून धरतात, कारण गाडी मागं जात नाही आणि पायाला बरं वाटतं. तेवढा वेळ इंजिनची सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणाऱ्या भागात, ऑइल घुसळण्यात जाते. चुलीवर रिकामी कढई ठेवल्यासारखं. पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि वीस मिनिटं असं. त्यात सीव्हीटीचं ऑइल थंड करणारा कूलर बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनच्याच कूलंटवर चालतो. कूलंट जुनं, रेडिएटरचा पंखा सुस्त, किंवा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमधली फट धूळ-किड्यांनी बुजलेली असली की गिअरबॉक्सही तापतो. मागच्या उन्हाळ्यात एका गाडीच्या त्या फटीतून मी पानपुडीची अख्खी पन्नी ओढून काढली होती. गाडीवाले गिअरबॉक्स बदलायच्या तयारीनं आले होते.

आता आत काय असतं ते थोडं सांगतो, म्हणजे समोरचा काय बोलतोय ते तुम्हाला पकडता येईल. सीव्हीटीत पहिला-दुसरा असे दाते असलेले गिअर नसतात. दोन पुली असतात, दोन शंकू तोंडाला तोंड लावल्यासारख्या, आणि त्यांच्यामध्ये पट्टा. शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो, लांब गेले की खाली बसतो, आणि त्यातून गिअर हवा तेवढा सलग बदलत जातो. इंदूरकरांना हे नवीन नाही खरं तर. १९८४ नंतर रस्त्यावर आलेली कायनेटिक होंडा आठवते? बिनगिअरची, बटणावर चालू होणारी. ती आपल्या पीथमपूरलाच बनायची आणि तिच्यात हेच तत्त्व होतं, फक्त पट्टा रबराचा. माझे उस्ताद तिचा पट्टा रस्त्याच्या कडेला बसून बदलायचे. गाडीत मात्र रबर पुरत नाही. तिथं पोलादी पट्टा असतो, पातळ पत्र्यांच्या कड्यांवर ओवलेले शेकडो छोटे पोलादी तुकडे. तो ओढत नाही, ढकलतो. आणि पुली त्याला आवळून धरते ती निव्वळ ऑइलच्या दाबावर. पोलादावर पोलाद, मध्ये ऑइलचा पापुद्रा. दाब कमी पडला की पट्टा घसरतो, घसरला की पुलीवर ओरखडा उठतो, ओरखडा उठला की पुन्हा घसरतो.

म्हणून सीव्हीटीत सगळा जीव ऑइलमध्ये. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, पैसे मोजून शिकलो. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी अशा गाड्या माझ्याकडे वर्षाला दोन-तीन यायच्या. एका गृहस्थांच्या गाडीत मी साधं एटीएफ, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, भरून दिलं. लाल रंगाचं, चांगल्या कंपनीचं, महागडं. ते क्लच गुळगुळीत लागावेत म्हणून बनवलेलं असतं, आणि सीव्हीटीला नेमकी उलटी गरज, पोलादावर पोलादाची पकड. चार महिन्यांत पट्टा घसरायला लागला. अर्धा खर्च मी दिला. गृहस्थ चांगले होते, भांडले नाहीत, पण पुन्हा कधी आले नाहीत. तेव्हापासून गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या नावाचंच ऑइल, नाहीतर गाडी परत.

तर वर्कशॉपकडे तीन गोष्टी मागा. नम्रपणे, पण कागदावर.

एक, कोड. ‘स्कॅनरवर गिअरबॉक्सचा फॉल्ट आला’ एवढ्यानं भागत नाही. कित्येकदा स्कॅनरवर नुसता पी०७०० दिसतो आणि त्यावरच असेंब्ली ठरते. पी०७०० हा तर निरोप्या आहे. ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नोंद झालीय, तिकडे जाऊन बघा’, एवढंच तो सांगतो. खरे कोड टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. तिथं पी०२१८ असेल तर ऑइल तापलं होतं. पी०८६८ असेल तर दाब कमी पडला होता. पी०७४१ असेल तर गोष्ट टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपकडे, म्हणजे त्याला थेट जखडणाऱ्या क्लचकडे, जाते. याशिवाय गाडीच्या कंपनीचे स्वतःचे कोड असतात ते वेगळे. कोड सोबतच ‘फ्रीझ फ्रेम’ मागा, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी वेग किती, तापमान किती, आरपीएम किती. भेरूघाटात काय झालं त्याची ती साक्ष आहे. कोणी घाईघाईनं कोड पुसून टाकले असतील तर ती साक्षही गेली, म्हणून आधी हेच विचारा.

दोन, ऑइल आणि पॅन. इथं मात्र सावकाश बघायचं. खालचा पॅन, म्हणजे ऑइलचं भांडं, उतरवला की त्याच्या तळाशी गोल चुंबकं चिकटवलेली असतात, नाण्यापेक्षा जरा मोठी. त्यांच्यावर राखाडी लगदा जमलेला असतो. दोन बोटांत घेऊन चोळायचा. काजळासारखा मऊ लागला, बोटांच्या रेषांत बसला, तर घाबरायचं कारण नाही, ८२ हजाराला एवढी झीज होतेच. पण चोळताना रांगोळीसारखी खरखर लागली, किंवा बोट उन्हात धरल्यावर चमचम दिसली, तर पट्टा आणि पुली एकमेकांना खायला लागल्यात. मग ऑइल बदलून काही उपयोग नाही. उलट तो चुरा आत फिरत राहतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांत अडकतो. ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून तासभर ठेवा. पसरत गेला आणि कडा स्वच्छ राहिली तर ठीक. मधोमध काळा डाग थबकला आणि वास जळक्या पुरीच्या तेलासारखा आला, तर ऑइल मेलंय. मेलेलं ऑइल म्हणजे मेलेला गिअरबॉक्स नव्हे, पण रस्ता तोच.

आणि मुख्य म्हणजे ऑइल होतं किती? याला बहुतेक गाड्यांत इंजिनसारखी डिपस्टिक नसते. ऑइल ठरावीक कोमट तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून, लेव्हलच्या बोल्टमधून थेंब-थेंब पडायला लागेपर्यंत भरायचं असतं. ही कटकट कोणी करत नाही. गेल्या वर्षी टिळक नगरच्या एका शिक्षिकेची गाडी आली, लक्षणं बरीचशी तुमच्यासारखी. शहरात ठीक, घाटात रेस नुसती वर. दुसरीकडे असेंब्लीचं एस्टिमेट घेऊन आल्या होत्या. पॅनचं चुंबक काजळासारखं मऊ. चौकशी केली तर सहा महिन्यांपूर्वी कुठंतरी ऑइल बदललेलं, अंदाजानं भरलेलं, जवळजवळ एक लिटर कमी. सपाट रस्त्यावर तेवढ्यात भागायचं. चढावर ऑइल मागं सरकलं की पंपाच्या तोंडाशी हवा. नवीन ऑइल, फिल्टर, लेव्हल बरोबर, आणि सगळं मिळून साडेनऊ हजार. गाडी अजून धावतेय, मध्ये एकदा मांडूलाही जाऊन आली. तुमच्या गाडीचं ऑइल कधी बदललंय का? ‘लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही’ असं सांगितलं असेल तर ती लाइफ कोणाची, ते कोणी सांगत नाही. आपल्याकडचा मे महिना आणि पलासियाचा सिग्नल धरला तर मी ४० ते ५० हजाराला बदलतो.

तीन, दाब. चाचणी-फेरीत लॅपटॉप जोडून लाइव्ह डेटात दाब मागितला किती आणि मिळाला किती, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर मागं पडत असतील तर पंप किंवा व्हॉल्व्ह बॉडीवर संशय. दोन्ही आकडे बरोबर आणि तरी घसरत असेल तर पट्टा-पुली. ही फेरी अर्ध्या तासाची असते. ज्या वर्कशॉपला अडीच लाखांच्या कामाआधी अर्धा तास द्यायचा नसेल, तिथली गाडी मी तरी उचलून आणली असती.

सोबत फुटकळ गोष्टीही बघायला सांगा. इंजिनचं माउंटिंग तुटलं तरी गाडी ‘डी’ला (ड्राइव्हला) टाकल्यावर दणका बसतो आणि तो गिअरबॉक्सच्या नावावर जातो. चाकाच्या बेअरिंगची घूं-घूं तर नेहमीच सीव्हीटीच्या माथी मारतात. बॅटरी कमजोर असली तरी खोटे कोड येतात.

आता पैशाचं बोलू. हे आकडे माझ्याकडचे आणि ओळखीच्या दोन-तीन गॅरेजचे, तुमच्या आकाराच्या गाडीचे, मोटामोटी. फक्त ऑइल-फिल्टर-कूलंट, आठ ते बारा हजार. व्हॉल्व्ह बॉडी, चाळीस ते सत्तर हजार. बॉक्स खोलून पट्टा, पुलीचा सेट, बेअरिंगं, सील, सगळं नवीन, लाख ते दीड लाख. नवीन असेंब्ली, तुम्हाला सांगितलीय तेवढी. अपघातातल्या गाडीचा जुना बॉक्स दिल्लीच्या मायापुरीहून साठ-सत्तर हजारांत मागवून देणारे भेटतील. मी तो धंदा सोडला. बॉक्स कोणत्या गाडीचा, किती चाललेला, पाण्यात बुडाला होता का, कोण सांगणार? शिवाय प्रत्येक बॉक्सची दाबाची मापं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये भरावी लागतात. ती न भरता बसवला तर चांगला बॉक्सही झटके देतो. दोनदा उतरवायची मजुरी धरली की स्वस्ताई संपते.

एस्टिमेटमध्ये कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. दिवाळीनंतरच्या एस्टिमेटमध्ये २८ दिसला तर जुना तक्ता चिकटवलाय.

बदलायचं की विकायचं, याचा हिशेब तुमच्या पत्रात जरा उलटा झालाय. तुम्ही लिहिलंत, ‘चार लाखांच्या गाडीवर अडीच लाख कशाला घालायचे.’ विकायचीच असेल तर सव्वाचारातून २ लाख ३८ हजार वजा करा, १ लाख ८७ हजार उरतात. दलाल आहे त्या स्थितीत याच्यावर देत असेल तर द्या, खाली देत असेल तर दुरुस्त करून विकलेलीही परवडते. पण ठेवायची असेल तर गाडीची किंमत मध्ये आणूच नका. अगदी पूर्ण असेंब्ली घातली आणि पाच वर्षं चालवली तरी महिना चार हजार पडतात. नवीन ऑटोमॅटिकसाठी आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षं घेतलं तर हप्ता साडेसोळा हजार. इंजिन, बॉडी, सस्पेन्शन धड असेल तर मी ठेवीन. माझी स्वतःची २०१२ची आहे.

विम्याबद्दल थोडक्यात. झीज किंवा यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत येत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह असली तरी. मात्र खालून दगड लागून पॅन फुटला, ऑइल सांडलं, किंवा पावसात पाणी आत गेलं, आणि इंजिन-गिअरबॉक्स प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलेलं असेल, तर पॉलिसीच्या अटी वाचून दावा करता येतो. म्हणून गाडी वर घेतली की पॅनवर ठोकर आहे का त्याचा फोटो काढा, पॅन उतरवायच्या आधी. एक्सटेंडेड वॉरंटी संपून थोडेच महिने झाले असतील आणि सर्व्हिसचे सगळे कागद असतील तर कंपनीला ईमेल करून खर्चात वाटा मागा. कायद्यानं बांधील नसतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि मागून मिळालेले मी पाहिलेत. काम होऊन पैसेही गेले आणि तक्रार तशीच राहिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढं जिल्हा ग्राहक आयोग, जिथं पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. तिथं कागदच बोलतो, त्यासाठीच वर तिन्ही गोष्टी लेखी मागायला सांगितल्या.

ज्यांची गाडी एएमटी आहे त्यांनी हे सगळं स्वतःला लावून घेऊ नका. तो आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यांत्रिक हात बसवलेले, बस. तिथं बहुतेक वेळा क्लच प्लेट संपलेली असते, नाहीतर ॲक्च्युएटर, आणि कधी कधी नुसती बॅटरी. प्लेट बदलल्यावर कॉम्प्युटरला नवीन क्लच ‘शिकवावा’ लागतो, ते न करता गाडी दिली तर पहिल्या सिग्नललाच झटके. ड्युअल क्लचवाल्यांचं दुखणं वेगळं आणि महागडं, त्यावर पुन्हा कधीतरी.

तुमच्याबद्दल माझा अंदाज विचारलात म्हणून सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. गाडी अर्ध्या तासानं सुधारली, नंतर सिमरोल ते घर रडतखडत का होईना आली, आवाजाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. पट्टा-पुली खाल्लेल्या गाड्या सहसा गप्प बसत नाहीत, वेगाबरोबर चढत जाणारी कण्हण्यासारखी शिट्टी घालतात. त्यामुळे मी पहिल्यांदा तापलेलं, जुनं किंवा कमी ऑइल आणि बुजलेला कूलर यांच्यावर बोट ठेवीन, मग व्हॉल्व्ह बॉडीवर, आणि शेवटी पट्ट्यावर. पॅन उघडल्यावर चुंबक चमकलं तर हा सगळा परिच्छेद रद्द.

तोवर गाडी चालवू नका, ‘जरा राजवाड्यापर्यंत’सुद्धा नाही. दुसरीकडे न्यायची झाली तर दोरी बांधून ओढायची अजिबात नाही. इंजिन बंद असलं की ऑइलचा पंप बंद, पण पुढची चाकं फिरतात ती गिअरबॉक्सला कोरडंच फिरवतात. चांगला बॉक्स असा सुदामा नगर ते देवास नाका एवढ्या अंतरात निकामी झालेला मी पाहिलाय, शेजाऱ्याच्या जीपनं मदत म्हणून ओढून आणला होता. फ्लॅटबेडच मागवा, चारही चाकं वर. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर एक खेप त्यातच होईल.

माझ्याकडे लगेच गाडी आणायची घाई नको. आधी कोडचा कागद, चुंबकाचा उन्हात काढलेला फोटो आणि सुई कुठं होती ते उत्तर, एवढं पाठवा. आणि पॅन उतरवतील तेव्हा भाऊजींना तिथं उभं करा. फोनवर पाठवलेल्या फोटोतलं चुंबक तुमच्याच गाडीचं आहे, हे त्याशिवाय कळणार नाही.